सर, ह्यात विंडोज नाही का?

पालकसभेत हा प्रश्न कुणी उभं राहून विचारत नाही. हजेरीचं, गणवेशाचं, शिष्यवृत्तीच्या बँक खात्याचं बोलणं होतं, चहा होतो, आणि मग दाराशी कुणीतरी रेंगाळतं. आवाज जरा खाली आणून म्हणतं, "सर, शाळेतल्या कॉम्प्युटरात विंडोज नाही म्हणं. दुसरंच काहीतरी टाकलंय. लेकराचं नुकसान तर नाही व्हायचं?"

प्रश्न साधा नाही. त्यात काळजी आहे, आणि ती खरी आहे. म्हणून दाराशी उभ्या-उभ्या दोन वाक्यांत तुमची समजूत घालण्यापेक्षा आज निवांत बोलू या. बीड जिल्ह्यातल्या केज-धारूरच्या बाजूची आपली गावं. तुमच्यातले कितीतरी जण दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला सांगलीकडे, कोल्हापूरकडे, कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागता-लागता परततात. मागे लेकरू आजीपाशी किंवा वसतिगृहात राहतं. त्या लेकराच्या शिक्षणात आपण काही नवं करून बघतोय म्हटल्यावर तुम्ही जाब विचारलाच पाहिजे.

आधी झालं काय ते सांगतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडले नाहीत. ते आजही चालतात. पण सुरक्षेत नव्याने सापडणाऱ्या चुकांची दुरुस्ती कंपनी आधी आपोआप पाठवायची, ते थांबलं. घरगुती वापर असणाऱ्यांना नोंदणी करून आणखी एक वर्ष मिळालं. पुढची विंडोज ११ टाकावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आपल्या शाळांत, घरांत जी यंत्रं आहेत त्यातली बरीचशी त्याआधीची. पुण्यात कामाला असलेल्या भावाने कुठून तरी स्वस्तात आणून दिलेला लॅपटॉप, किंवा आयसीटी योजनेत आलेले आणि करार संपल्यावर कुलपात पडलेले डबे. यंत्र धड आहे, पडदा धड आहे, की-बोर्डची दोन बटणं सोडली तर तोही धड आहे. फक्त नवी विंडोज त्यावर रीतसर बसत नाही.

मग उरतात तीन वाटा. पहिली, नवा लॅपटॉप घेणं. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावा, पण उचल घेऊन, मुकादमाकडून आगाऊ पैसे काढून घेऊ नये, असं मी हात जोडून सांगेन. दुसरी वाट तुम्हाला ठाऊक आहे. बाजारातल्या दुकानात दोन-चारशे रुपयांत कुणीही 'विंडोज मारून' देतो. ती विंडोज चोरीची असते. ती चालावी म्हणून अनेकदा अँटिव्हायरस बंद केलेला असतो, आणि महिन्याभरात लेकराच्या पेनड्राइव्हमधले धडे उघडेनासे होतात. पण माझी हरकत व्हायरसपुरती नाही. दहावी-बारावीच्या कॉप्यांमुळे आपल्या जिल्ह्याने बरंच ऐकून घेतलंय. कॉपीमुक्त अभियानात आपण मुलांना शपथ देतो. आणि त्याच मुलाला त्याच्या आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर आपण चोरीचा माल भरून देतो. मुलं हे बघतात. ती बोलत नाहीत, पण बघतात.

तिसरी वाट लिनक्सची, आणि शाळेने ती धरली आहे.

लिनक्स काय आहे ते थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटर सुरू केल्यावर पडदा, की-बोर्ड, फायली, प्रिंटर या सगळ्यांचा मेळ घालणारी जी मूळ व्यवस्था असते तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही तशी एक व्यवस्था. लिनक्स दुसरी. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहायला घेतला, आणि त्याआधी १९८३ पासून अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी चालवलेल्या कामाशी तो जोडला गेला. तो कुणीही वापरावा, वाटावा, उघडून बघावा, दुरुस्त करावा अशी परवानगी त्याच्या परवान्यातच दिलेली आहे. म्हणून तो फुकट मिळतो. त्याच्यावर आधारलेली अनेक तयार रूपं आहेत. उबुंटू २००४ पासून, लिनक्स मिंट २००६ पासून. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही २००७ मध्ये 'बॉस' नावाचं भारतीय रूप काढलं, त्यात शाळांसाठी वेगळी आवृत्तीही आहे. देशाच्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये आपल्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी उबुंटूवर बेतलेली 'माया' आणायचं ठरवलं. इतकं पुरे. इतिहासापेक्षा मला तुमच्या मनातल्या धास्तीवर बोलायचं आहे.

ती धास्ती आली कुठून? मला वाटतं, आपल्या पिढीची कॉम्प्युटरशी ओळख ज्या रीतीने झाली त्यातून आली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावी, मग बाजाराच्या गावीही निघाले. त्या कोर्सने फार मोठं काम केलं. ज्यांनी कधी माउस धरला नव्हता अशा लाखो माणसांना त्याने कॉम्प्युटरपुढे बसवलं. पण सरकारी नोकरांना ती परीक्षा सक्तीची होती, आणि मुदतीत पास न झालेल्यांच्या वेतनवाढी अडकल्या. चाळिशी-पन्नाशीतली माणसं, त्यात शिक्षकही होते, वहीत पायऱ्या उतरवून घ्यायची: आधी इथे दाबायचं, मग तिथे दाबायचं. क्रम चुकला तर मार्क गेले. अशा रीतीने शिकलेल्या माणसाला कॉम्प्युटर म्हणजे कोपऱ्यातलं ते स्टार्टचं बटण, वर्ड, एक्सेल आणि भिंतीवर लावायचं सर्टिफिकेट. बटण जरा सरकलेलं दिसलं तरी छातीत धस्स होतं. हा माणसाचा दोष नाही. परीक्षेच्या भीतीत शिकलेली गोष्ट माणूस तशीच घट्ट धरून ठेवतो.

तुमच्या लेकराला ही भीती नाही. त्याला पडद्यावर फाइल कुठे गेली हे सापडलं नाही तर तो शोधतो, चुकीचं दाबतो, पुन्हा शोधतो. वर्गात मी रोज बघतो. मुलं थबकतात ती घरून ऐकलेल्या वाक्यामुळे. "बाबा म्हणाले, हे खरं कॉम्प्युटर नाही."

आणि खरं सांगू का, नवी व्यवस्था स्वीकारायला तुम्ही घाबरता असं मला वाटतच नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तोवर पिकाची नोंद तलाठी करायचे. एकाएकी ती तुम्ही स्वतः मोबाइलवर, शेतात उभं राहून, फोटोसकट करायची झाली. सर्व्हर चालत नव्हता, गट नंबर सापडत नव्हता, बांधावर रेंज नव्हती. सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता. पण विमा, अनुदान त्यावर अवलंबून होतं, म्हणून तुम्ही ते शिकलात. आणि बऱ्याच घरांत ते शिकवलं आठवी-नववीतल्या पोरीने. पीकविम्याचा एक नवा हिशेबही २०२० च्या खरिपात आपल्याच जिल्ह्यात आधी करून पाहिला गेला आणि 'बीड पॅटर्न' म्हणून राज्याने तो ओळखला. नव्याला पहिल्यांदा हात घालणं या मातीला परकं नाही. शिवाय तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन आतून लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. उसाच्या फडातून रात्री लेकराला व्हिडिओ कॉल लावता तेव्हा तुम्ही तेच वापरता. बटणांचा फोन सोडून हा घेतलात तेव्हा "ह्यात नोकिया नाही का" असं कुणी विचारलं नाही, कारण दुकानदाराने हातात दिला, शेजाऱ्याकडे तोच होता, अडलं तर विचारायला माणूस होता.

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. कॉम्प्युटर बरा की वाईट हा प्रश्न मागाहून येतो. आधी प्रश्न येतो, अडलं तर विचारायचं कुणाला? त्यावर मी शेवटी येतोच.

आता नोकरीचं बोलू, कारण खरं दुखणं ते आहे. "ऑफिसात तर विंडोजच असतंय ना सर?" हो, बऱ्याच ठिकाणी असतं. तहसीलमध्ये, पतसंस्थेत, सीएच्या ऑफिसात असतं. ते मी लपवणार नाही. पण तुमचं लेकरू आज सातवीत आहे. ते कामाला लागेल तोवर विंडोज तरी आजच्यासारखी दिसेल का? तुम्ही एमएस-सीआयटीत जी शिकलात ती आज कुठे आहे? मुलाला कुठली बटणं पाठ आहेत यावर त्याचं पुढचं ठरत नाही. नवा पडदा समोर आला की तो बिचकतो की बघून घेतो, यावर ठरतं. दोन प्रकारच्या व्यवस्था हाताळलेलं पोर तिसरीला घाबरत नाही.

पुढच्या शिक्षणाचंही पाहा. अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतला तर राज्य मंडळाने २०१९ पासून आणलेल्या पुस्तकांत चित्रकामाला जिंप आणि इंकस्केप आहेत, डेटाबेसला पोस्टग्रेएसक्यूएल आहे, वाणिज्यच्या मुलांना हिशेबासाठी जीएनयू खाता आहे. ही सगळी मुक्त सॉफ्टवेअर आहेत, लिनक्सवर चालतात आणि फुकट मिळतात. मुलगी पुढे संभाजीनगरला किंवा पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला गेली तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला तिच्यासमोर लिनक्सच्याच कमांड येतील, आणि इंग्लिश मीडियमची शहरातली पोरं ज्याला पहिल्यांदा हात लावत असतील ते आपल्या पोरीने आठवीतच केलेलं असेल. इंटरनेटवरच्या मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर बहुतांश लिनक्सवर आहेत. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यातला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. त्या यंत्रांची देखभाल करणारी माणसं लागतात, आणि ती केजची का नसावीत?

लिनक्स कुठे पुरत नाही, तेही स्पष्ट सांगतो, म्हणजे मागाहून फसवल्यासारखं वाटायला नको. मुलाला टॅली शिकायचं असेल, तर त्याला विंडोज लागेल. ज्यांचं फ्लेक्सचं, लग्नपत्रिकांचं दुकान आहे आणि काम कोरलड्रॉवर आहे, त्यांनी ते यंत्र आहे तसं ठेवावं. सेवा केंद्र चालवणाऱ्यांची अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन अशी काही उपकरणं लिनक्सवर त्रास देतात. काही जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर मिळत नाहीत किंवा मिळाले तरी रडवतात. वर्डमध्ये केलेला बायोडेटा लिब्रेऑफिसमध्ये उघडला तर मजकूर सगळा येतो, पण चौकट कधी-कधी हलते. पोरांचे काही खेळ चालत नाहीत. त्याचं मला वाईट वाटत नाही, त्यांना वाटतं. टायपिंगचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लिपिकाच्या जागेसाठी मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट लागतं हे तुमच्या घराघरांत ठाऊक आहे. परीक्षा जिथे व्हायची तिथे संस्थेच्याच यंत्रावर होईल. घरी बोटं बसवायला लिनक्समध्ये इन्स्क्रिप्ट तर आहेच, टाइपरायटरच्या पद्धतीचा मराठी कळफलकही निवडता येतो.

टायपिंगवरून मराठी अक्षरांचा विषय निघालाच आहे, आणि तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. तुम्ही अनुभवलं असेल: गावातल्या ऑपरेटरने टाइप केलेला अर्ज पेनड्राइव्हवर घेऊन तालुक्याला गेलात, तिथे उघडला, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता चुराडा. तो अर्ज जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये असतो. त्या फाँटमध्ये यंत्राच्या लेखी इंग्रजीच अक्षर असतं, वर फक्त मराठी आकार चढवलेला असतो. दुसऱ्या यंत्रावर तो फाँट नसला की वरचा आकार गळून पडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. देवनागरीला ही जागा १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत मिळाली. युनिकोडमध्ये लिहिलेला अर्ज धारूरला, मंत्रालयात आणि दुबईतल्या भाच्याच्या फोनवर सारखाच दिसतो. शासनानेही कार्यालयांत युनिकोडच वापरा असे आदेश काढलेत. लिनक्सवर मराठी लिहायचं म्हणजे युनिकोडमध्येच, त्यामुळे मुलाला पहिल्या दिवसापासून बरोबर सवय लागते.

आणि हे आपोआप झालेलं नाही. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ च्या सुमारास भारतीय लिप्यांसाठी 'लोहित' फाँट सर्वांना मोकळे करून दिले. तिच्या पुण्याच्या ऑफिसात भारतीय भाषांवर बरंच काम झालं. पडद्यावरच्या सूचनांचं मराठी करणारी माणसं महाराष्ट्रातली आहेत, कित्येकांनी ते एक रुपया न घेता केलं. ते काम पूर्ण झालेलं नाही. मराठीच्या मधेच एखादी ओळ इंग्रजी राहते, एखादा शब्द असा बोजड की अर्थ लागत नाही. पण इथे एक सोय आहे. तो शब्द कुणीही सुधारून पाठवू शकतं, आणि तपासणाऱ्यांना पटला तर पुढच्या आवृत्तीत तो जगभर दिसतो. आपल्या नववीच्या पोरांनी सुचवलेला शब्द. मी मुलांना हे सांगतो तेव्हा त्यांचे डोळे बघायला तुम्ही तिथे असायला हवं होतं. आणि ज्या घरात आई-बाप कारखान्याला गेलेत, आजी एकटी आहे, तिथे आजीला पडद्यावर 'घर', 'जतन करा', 'बंद करा' वाचता येतं. नातू काय करतोय ते तिला कळतं. हे मला थोडं वाटत नाही.

दुसरीकडे हे कुणी केलंय का, असंही तुम्ही विचारता. केलंय. आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या धनगरवाड्यावर २००७ मध्ये जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेतल्या पहिली ते चौथीच्या मुलांना एकेक छोटा हिरवा-पांढरा लॅपटॉप दिला होता. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जगभरच्या उपक्रमातला भारतातला तो पहिला प्रयोग. आत लिनक्स, त्यावर मुलांसाठी बनवलेली शुगर नावाची व्यवस्था. त्या मुलांनी आधी दुसरा कॉम्प्युटर बघितलाच नव्हता, त्यामुळे हे वेगळं आहे असं त्यांना वाटायचं कारणच नव्हतं. मुलं तो घरी नेत. पुढे तो उपक्रम देशात पसरला नाही. पैसा, वीज, धोरण, कारणं बरीच होती. पण पहिलीतलं पोर लिनक्स शिकू शकतं का, या प्रश्नाचं उत्तर त्या वाड्यावर मिळून गेलं होतं.

जिथे हे टिकलं ते केरळ. तिथल्या सरकारी शाळांत आयटी अॅट स्कूल हा कार्यक्रम २००१ मध्ये ठरला. मुलांना एकाच कंपनीच्या वस्तूला बांधू नका, असा आग्रह तिथल्या शिक्षक संघटनांनीच धरला, आणि हळूहळू सगळ्या शाळा लिनक्सवर आल्या. आज तिथे दोन लाखांहून अधिक शालेय संगणक त्यावर आहेत. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते असं की, त्यांनी आधी शिक्षक तयार केले, मग यंत्रं बदलली. २०१८ मध्ये 'लिटल काइट्स' नावाचे मुलांचे गट काढले. शाळेतले कॉम्प्युटर तीच मुलं सांभाळतात, दुरुस्त करतात, इतरांना शिकवतात. २०२२ मध्ये त्याच गटांतल्या मुलांनी 'अम्मा अरियान' या कार्यक्रमात शाळाशाळांतून आयांना बोलावून इंटरनेटवर सुरक्षित कसं राहायचं ते शिकवलं. आई विद्यार्थिनी आणि लेकरू शिक्षक. ती खोली कशी दिसत असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

जर्मनीतल्या म्युनिक शहराचंही सांगायला हवं, कारण तिथे उलटं झालं. त्यांनी महापालिकेचे सुमारे पंधरा हजार संगणक दहा वर्षं खपून लिनक्सवर आणले, २०१३ मध्ये ते काम पुरं केलं, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. कारणांत राजकारण होतंच, पण रोज त्यावर बसणाऱ्या माणसांच्या तक्रारीही होत्या. त्यांना विश्वासात न घेता केलेला बदल असा परत फिरू शकतो. म्हणून तर मी हे सगळं तुमच्याशी बोलतोय.

आता करून कसं बघायचं ते. बाजारात बैल घेताना तुम्ही नुसते दात बघून पैसे मोजत नाही, औताला जुंपून बघता. लिनक्सही तसाच जुंपून बघता येतो. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर तो आम्ही भरून देतो. लॅपटॉप बंद करायचा, पेनड्राइव्ह लावायचा, चालू करताना एक ठराविक बटण दाबायचं. कुठल्या कंपनीचा लॅपटॉप आहे त्यावर ते एफ-१२ असेल, एफ-९ असेल. मग लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू होतो. आतल्या विंडोजला, फोटोंना, फायलींना हात लागत नाही. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, मराठी टाइप होतंय का, प्रिंटर ओळखतोय का, सगळं तपासून घ्या. पेनड्राइव्ह काढून पुन्हा चालू केलं की तुमची विंडोज जशीच्या तशी हजर. पेनड्राइव्हवरून चालतो तेव्हा थोडा संथ वाटतो, हे लक्षात ठेवा. तेवढ्यावरून मत बनवू नका.

पसंत पडला तर दोन्ही व्यवस्था एकाच यंत्रात ठेवता येतात. चालू करताना विचारतो, कुठल्यात जायचं. चार जीबी रॅम असली तर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती बऱ्यापैकी चालते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने: यंत्रात टाकण्याआधी लग्नाचे, बारशाचे फोटो, जमिनीच्या कागदांच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या. टाकताना 'सगळी डिस्क पुसून टाका' असा एक पर्याय येतो. तो दाबण्याआधी आम्हाला विचारा. घाईने एकट्याने दाबू नका.

आणि घरात काय बोलायचं, यावर माझं एक मागणं आहे. "हात लावू नको, बिघडेल" हे वाक्य काही महिने बंद ठेवा. पेनड्राइव्हवरचा लिनक्स मुलाच्या चुकीच्या बटणाने बिघडत नाही. बिघडला तर पुन्हा भरता येतो. "आमाला काय कळतंय त्यातलं" हेही नका म्हणू. ज्याने आयुष्यभर पाऊस, बाजार आणि कारखान्याचा काटा वाचला त्याला एक पडदा वाचता येत नाही, हे मला पटत नाही. लेकराशेजारी बसा आणि विचारा, "आज काय करायलास ह्यात? मला दाखव." दाखवता-दाखवता त्याला स्वतःला जेवढं समजतं तेवढं माझ्या तासाला समजत नाही. आणि ते विंडोजवर आहे की लिनक्सवर, यापेक्षा ते नुसते व्हिडिओ बघत बसलंय की काही बनवतंय, याकडे डोळा ठेवा.

राहिला तो प्रश्न, अडलं तर विचारायचं कुणाला. बाजारातला दुकानदार लिनक्स बघितला की हात वर करतो, हे खरं आहे. म्हणून आपण गावागणिक आठवी-नववीतली दोन मुलं तयार करतो आहोत, त्यात एक तरी मुलगी. त्यांची नावं शाळेच्या फळ्यावर लावू. त्यांना येणार नाही ते आम्ही शिक्षक बघू. आणि आम्हालाही न आलेलं शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे आहेत. साधारण दहा-दहा मिनिटांचे, मराठीतही, लिनक्सवर आणि लिब्रेऑफिसवरही, आणि इंटरनेट नसलं तरी आधी उतरवून ठेवून बघता येतात. आम्ही ते शाळेत उतरवून ठेवलेत. पेनड्राइव्ह आणा, भरून न्या.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कॉम्प्युटर खोली उघडी असते. फडावर निघणाऱ्यांनी दसऱ्याच्या आत येऊन जावं, आजीलाही सोबत आणावं, कारण पुढचे पाच-सहा महिने घरात तीच असणार आहे. लॅपटॉप असेल तर चार्जरसकट आणा. नसेल तर शाळेच्या यंत्रावर बसा. विंडोज ठेवायची की काढायची हे त्या दिवशी ठरवायचं नाही. मुलाने काही महिने दोन्ही वापरून झाल्यावर, गाडी परत गावात आली की तुम्ही आणि ते मिळून ठरवा, आणि काढायची नाही असं ठरलं तरी मला येऊन सांगा, का ते मला ऐकायचं आहे.